डीबीएसनंतर बाबांचा उतावळेपणा: यंत्रामुळे, गोळ्यांमुळे, की दोन्हींमुळे?

लेक_त्रिमूर्तीनगर (नागपूर)

नमस्कार. माझे वडील ६६ वर्षांचे असून त्यांना पार्किन्सन्स होऊन अकरा वर्षे झाली. गेल्या नोव्हेंबरात त्यांची डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे यंत्राने मेंदूच्या आतल्या भागाला विजेचे बारीक स्पंद देणे) शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या भागात, इलेक्ट्रोड (वीज पोहोचवणाऱ्या बारीक तारा) बसवले आहेत आणि छातीत गळ्याच्या हाडाखाली बॅटरी आहे. शस्त्रक्रियेआधी गोळीचा असर उतरला की त्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसे लागत असत. आता ते स्वतःच्या हाताने वरण-भात कालवून खातात आणि सकाळी एकटे बागेत तीन फेऱ्या मारून येतात. या सुखाबद्दल आम्ही मनापासून कृतज्ञ आहोत, हे आधीच सांगते, कारण पुढचे लिहिताना मला कृतघ्न झाल्यासारखे वाटते आहे.

बाबा महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झाले. विजेच्या बिलातला स्थिर आकारसुद्धा मागच्या महिन्याच्या बिलाशी ताडून पाहणारा हा माणूस आहे. एप्रिलमध्ये ते एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर बेसा रस्त्याकडे सहज म्हणून गेले आणि दोन लाख रुपये इसार देऊन, एका प्लॉटच्या पावतीवर सही करून परत आले. लेआउट मंजूर आहे का, आर.एल. (प्लॉटचे मंजुरीपत्र) मिळाले आहे का, यातले त्यांनी काहीही विचारले नव्हते. आईने कारण विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "चांगला वाटला, घेऊन टाकला." आवाजात उत्साह नव्हता आणि अपराधीपणाही नव्हता. मला त्याचीच अधिक भीती वाटली.

त्यानंतर लहानसहान गोष्टी लक्षात येऊ लागल्या. प्रश्न पुरा होण्याआधीच ते उत्तर देतात आणि ते उत्तर पुष्कळदा दुसऱ्याच प्रश्नाचे असते. हातात चहाचा भरलेला कप असतानाच खुर्चीतून उठतात. मागच्या आठवड्यात प्रतापनगर चौकात सिग्नल लाल असताना त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकले. मी दंड धरून मागे ओढले नसते तर काय झाले असते, हा विचार अजूनही सोडत नाही. जुगार, दारू किंवा इतर कोणतेही व्यसन नाही. झोप ठीक आहे, बोलणे सुसंगत आहे आणि स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

डॉक्टरांना विचारण्यासाठी मी तारखा लिहून काढल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन महिने असे काहीही नव्हते. मार्चमध्ये उजव्या हाताचा थोडा कंप उरला होता म्हणून प्रोग्रॅमिंगच्या (यंत्राचे सेटिंग बदलण्याच्या) वेळी करंट २.४ वरून ३.१ मिलिअँपिअर केला आणि साधारण दोन आठवड्यांनी हे सुरू झाले. पार्किन्सन्ससाठीच्या लेव्होडोपाच्या गोळ्या शस्त्रक्रियेनंतर निम्म्या झाल्या. प्रामिपेक्सोल ही पार्किन्सन्सची दुसरी गोळी मात्र सहा वर्षांपासून चालू आहे, दिवसाला एकूण दीड मिलिग्रॅम.

शस्त्रक्रियेआधी आम्हाला रक्तस्राव आणि संसर्ग यांचे धोके नीट समजावून सांगितले होते. स्वभावातल्या बदलाबद्दल मात्र संमतिपत्रात एक ओळ होती आणि त्या ओळीवर कोणी थांबले नाही. आम्हीही थांबलो नाही. आता आई म्हणते, "चालते-फिरते झाले आहेत, त्यात खोट काढू नको." करंट कमी केला तर बाबा पुन्हा खुर्चीला खिळतील, हे भय तिच्या मनात आहे. हा उतावळेपणा नेमका कशामुळे आहे? तो कमी करण्यासाठी चालणे गमवावे लागते का? आणि वडिलांचा मान राखून पैशांचे काय करावे?

मेंदू_आणि_वर्तन (क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट)

ताई, तुम्ही तारखा लिहून ठेवल्या हे फार मोलाचे काम केले आहे. अशा तक्रारीत "स्वभाव बदलला" एवढेच सांगितले तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. कोणत्या बदलानंतर किती दिवसांनी काय दिसू लागले, यातूनच पुढची दिशा मिळते.

पार्किन्सन्समध्ये उतावळेपणा निरनिराळ्या वाटांनी येऊ शकतो, आणि त्यांतल्या दोन वाटा वेगळ्या ओळखल्याशिवाय तुमच्या वडिलांचा प्रश्न सुटणार नाही. पहिली वाट गोळ्यांची. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही डोपामिन अ‍ॅगोनिस्ट गटातील (मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखे काम करणारी) औषधे मेंदूतील बक्षिसाच्या, हव्यासाच्या यंत्रणेवरही काम करतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातील ३०९० रुग्णांच्या पाहणीत ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत जुगार, अतिखरेदी, अतिखाणे किंवा अनावर लैंगिक इच्छा यांपैकी काहीतरी आढळले. न घेणाऱ्यांत हेच प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होते. या प्रकारात ओढ असते. माणूस त्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जातो, ती लपवतो, नुकसान झाले तरी थांबत नाही.

दुसरी वाट यंत्राची, आणि तुमच्या वर्णनात मला तीच अधिक दिसते. सबथॅलॅमिक न्यूक्लियस ही मसुराच्या दाण्यासारखी दोन्ही बाजूंनी फुगीर, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची गाठ आहे. हालचालींच्या साखळीत तिचे काम मुख्यतः लगाम घालण्याचे आहे. समोर दोन पर्याय आले आणि दोन्ही जवळजवळ सारखेच वाटले, की मेंदूच्या पुढच्या भागाकडून एक संदेश थेट या गाठीकडे येतो आणि ती बाकीच्या यंत्रणेला क्षणभर रोखून धरते. त्या क्षणभरात आपण "थांब, आधी बघू" म्हणतो. डीबीएस या गाठीला सेकंदाला बहुधा १३० वेळा विजेचे बारीक स्पंद देते. त्याने कंप आणि ताठरपणा सैल होतो, परंतु तो थांबवणारा संदेशही पुसट होऊ शकतो.

२००७ साली मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार नेटक्या प्रयोगाने दाखवले. पडद्यावर चिन्हांच्या जोड्या दाखवायच्या आणि रुग्णाने अधिक वेळा बरोबर ठरणारे चिन्ह निवडायचे, एवढाच तो खेळ होता. दोन्ही चिन्हे जवळजवळ सारखीच चांगली असली की आपण सगळेच थोडे रेंगाळतो. यंत्र बंद असताना रुग्णही रेंगाळत होते. यंत्र चालू असताना मात्र ते अशा अवघड जोडीवर रेंगाळण्याऐवजी उलट अधिक झटकन बोट ठेवू लागले. गोळ्या घेतल्या आहेत की नाहीत याचा या घाईवर परिणाम झाला नाही. गोळ्यांचा परिणाम वेगळ्याच ठिकाणी दिसला: गोळ्या चालू असताना चुकलेल्या निवडीपासून शिकणे कमी झाले. मी रुग्णांच्या घरच्यांना हा प्रयोग नेहमी सांगते, कारण ओढ आणि रेंगाळण्याचा अभाव या निराळ्या गोष्टी आहेत हे त्यातून चटकन कळते. "चांगला वाटला, घेऊन टाकला" या वाक्यात मला हव्यास ऐकू येत नाही, मधली पायरी गळालेली ऐकू येते. भरल्या कपासह उठणे आणि लाल सिग्नलवर पाऊल टाकणे यांतही तेच आहे. तरीही दीड मिलिग्रॅम प्रामिपेक्सोल चालू असल्यामुळे ते पूर्ण निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. यंत्रामुळे निर्णय झटपट झाला आणि गोळीमुळे त्याच्या परिणामाची टोचणी कमी झाली, असे दोन्ही एकत्र घडू शकते.

चालणे गमवावे लागेल का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारे असते. या गाठीचा वरचा, बाहेरच्या बाजूचा भाग हालचालींशी निगडित आहे. खालचा, आतल्या बाजूचा भाग भावना आणि प्रेरणा यांच्याशी. इलेक्ट्रोडवर एकाखाली एक असे अनेक संपर्कबिंदू असतात. करंट वाढवला की विजेचे क्षेत्र पसरते आणि खालच्या भागापर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी करंट थोडा कमी करणे, खालच्या बिंदूऐवजी वरचा वापरणे, किंवा इलेक्ट्रोड त्या जातीचा असेल तर करंटला विशिष्ट दिशा देणे, हे सगळे मार्ग पुन्हा शस्त्रक्रिया न करता प्रोग्रॅमिंगच्या खोलीतच करून पाहता येतात. आधीचे सेटिंग नोंदलेले असते, त्यामुळे नवे सोसले नाही तर मागे जाता येते. आईंना हे अवश्य सांगा.

दोन गोष्टी मात्र घरी करू नका. रिमोटने यंत्र बंद करून "बघू या काय होते" असा प्रयोग करू नका. पार्किन्सन्सची लक्षणे एकदम उसळू शकतात. प्रामिपेक्सोलही स्वतःहून थांबवू नका. ती अचानक तोडली तर तीव्र अस्वस्थता, घाबरेपणा आणि खोल उदासी येऊ शकते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवतात. डीबीएसनंतरच्या पहिल्या वर्षात, विशेषतः गोळ्या घटवल्या जात असताना, मन खचण्याकडे आणि जगणे नकोसे वाटण्याच्या बोलण्याकडेही लक्ष ठेवावे लागते. असा एक शब्द जरी कानावर आला तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही चोवीस तास उपलब्ध असतो.

सक्करदऱ्याची_काकू

मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरी याच्या नेमके उलटे घडले, म्हणून लिहिते आहे. माझ्या यजमानांना प्रामिपेक्सोल सुरू झाल्यावर दोन वर्षांनी शेअरबाजारातल्या ऑप्शनचा नाद लागला. रात्री अडीच वाजता ते मोबाइलच्या उजेडात आकडे मांडत बसत. मी विचारले की म्हणत, "पार्किन्सन्समुळे झोप येत नाही, मन रमवतो आहे." मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली गेल्याचे मला बँकेतून आलेल्या पत्रावरून कळले. त्या काळात आमच्यात जी भांडणे झाली त्यांत मी त्यांना जे शब्द बोलले, ते एका औषधाच्या परिणामाला बोलत होते हे मला फार उशिरा समजले. एखाद्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी "ही गोळी घेताना पैशांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवा" एवढे सांगितले असते, तर आमची तीन वर्षे वाचली असती.

नंतर त्यांचेही डीबीएस झाले. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या पुष्कळ कमी करता आल्या, प्रामिपेक्सोल हळूहळू बंद झाली आणि तो नाद गेला. म्हणजे तुमच्या घरी जे यंत्र घाई आणते आहे असे वाटते, त्याच यंत्रामुळे आमची सुटका झाली. पण पुढचे चार महिने ते नुसते बसून असत. नातवाने पतंग दाखवला तरी मान हलवत आणि पुन्हा भिंतीकडे पाहत. आम्हाला वाटले, यापेक्षा आधीचे बरे होते. गोळ्या फार घटल्या की असा निरुत्साह येतो, असे नंतर सांगण्यात आले. लेव्होडोपा किंचित वाढवल्यावर हळूहळू फरक पडला. तेव्हा ताई, डॉक्टरांनी गोळी कमी करायला घेतली तर केवळ खर्च थांबला का हेच पाहू नका, बाबा हसतात का, पेपर उघडतात का, हेही पाहत राहा.

मेंदू_आणि_वर्तन

काकूंचा अनुभव अपवादात्मक नाही. ग्रेनोबल येथे, जिथे बेनाबीद यांनी १९८७ साली आधुनिक डीबीएसची सुरुवात केली, तिथल्याच गटाने नंतर दाखवले आहे की सबथॅलॅमिक डीबीएसनंतर गोळ्या कमी करता आल्याने हव्यासाची वर्तने बरीच घटतात आणि काही रुग्णांत त्यांची जागा निरुत्साह घेतो. म्हणूनच "डीबीएसने उतावळेपणा वाढतो की कमी होतो" असा सरसकट प्रश्न विचारून उपयोग होत नाही. तो कोणत्या वाटेने आला होता, हे आधी विचारावे लागते. पुढच्या भेटीत आवेगी वर्तनासाठीची प्रश्नावली, जिला क्विप म्हणतात, ती रुग्णाकडून आणि घरच्यांकडून वेगवेगळी भरून घ्यायला सांगा. दोघांच्या उत्तरांतला फरक पुष्कळ काही सांगून जातो.

वकील_सिव्हिल_लाइन्स

पैशांच्या प्रश्नापुरते लिहितो. घाईने सही केली म्हणजे माणूस कराराला अपात्र ठरत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२ नुसार, सही करताना करार समजण्याची आणि त्याचा आपल्या हितावर होणारा परिणाम विवेकाने ठरवण्याची क्षमता होती का, हे पाहिले जाते. तुमच्या वर्णनावरून वडिलांना अपात्र ठरवण्याच्या मार्गाला लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून इसार परत मिळण्याची खात्री नाही आणि वडिलांच्या मनावर कायमचा ओरखडा मात्र राहील. त्याऐवजी लेआउटची मंजुरी आणि आर.एल. यांची कागदपत्रे लेखी मागा. विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट कागदावर नसेल तर इसार परत मागण्याला भक्कम आधार मिळतो. पावतीतली मुदत तपासा आणि ती उलटण्याआधी नोटीस पाठवा. पुढच्यासाठी, वडिलांच्या संमतीने, मोठी रक्कम दोघांच्या सह्यांनीच निघेल अशा संयुक्त खात्यात ठेवा, आणि रोजच्या खात्याची मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करून घ्या.

इतवारी_कापडवाला

माझ्या डोक्यात चार वर्षांपासून हेच यंत्र आहे, त्यामुळे तुमच्या बाबांच्या बाजूने थोडे सांगण्याचा मला अधिकार आहे असे मानतो.

बाहेरून तुम्हाला जी घाई दिसते, ती आतून घाई वाटतच नाही. पूर्वी नव्या गिऱ्हाइकाने उधारीवर माल मागितला की माझ्या छातीत एक बारीकशी अडखळ यायची. माणूस कोण, कुठला, मागचे देणे कोणाकडे, हे सगळे त्या अडखळीत आपोआप मनात येऊन जायचे. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी एका अनोळखी माणसाला मी चाळीस थान कापड नव्वद दिवसांच्या उधारीवर दिले. ती अडखळ आली आणि मी दाबली, असे झाले नाही. ती आलीच नाही. मोठा मुलगा संध्याकाळी वही पाहून गप्प बसला, तेव्हा मला कळले की काहीतरी चुकले आहे. त्या रात्री मला सर्वांत जास्त लागले ते पैशांचे नव्हे. घरात सगळे माझ्याबद्दल स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते, आणि मला ऐकू येत होते.

माझे सेटिंग नंतर बदलले. कंप पुन्हा वाढला नाही, पण डावा खांदा थोडा जड झाला आणि कापड मोजताना पूर्वीसारखा हात झरझर चालत नाही. हा सौदा मी स्वतः, डॉक्टरांच्या समोर बसून, दोन्ही सेटिंग आठवडा-आठवडा वापरून पाहून ठरवला. तुमच्या बाबांनाही ठरवू द्या. शिवाय मी एक नियम स्वतःहून घातला. पाच हजारांवरचा कोणताही कागद सही न करता रात्रभर देवघरात ठेवायचा आणि सकाळी पूजेनंतरच उघडायचा. जी थांबण्याची जागा आत उरली नाही ती मी घरात केली आहे. हा नियम मुलाने लादला असता तर मी तो पहिल्याच दिवशी मोडला असता.

लेक_त्रिमूर्तीनगर (नागपूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. महिन्याभराने लिहिते आहे.

इतवारीच्या काकांचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "अडखळ. बरोबर शब्द आहे." त्यानंतर प्रोग्रॅमिंगच्या भेटीत माझ्या तारखांचा कागद त्यांनीच माझ्या हातातून घेतला आणि डॉक्टरांना स्वतः वाचून दाखवला, प्रतापनगर चौकासकट. क्विप प्रश्नावलीत बाबांनी जवळजवळ सगळीकडे "नाही" लिहिले होते आणि आईने खरेदीच्या दोन प्रश्नांना "होय". दोघांचे कागद शेजारी ठेवल्यावर आई प्रथमच रडली, आणि करंट कमी करायला तिचा विरोध उरला नाही.

संपर्कबिंदू एक पायरी वर नेला आहे आणि करंट २.७ वर आणला आहे. प्रामिपेक्सोल दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवायची आहे. चालणे तसेच आहे. उजव्या हाताचा कंप मात्र थोडा परत आला आहे, संध्याकाळी अधिक. प्रश्न पुरा होईपर्यंत बाबा आता बहुतेक वेळा थांबतात, नेहमी नाही. चौकात मी अजूनही त्यांचा दंड धरते आणि ते धरू देतात.

प्लॉटचा इसार अजून परत मिळालेला नाही. कागदपत्रांची लेखी मागणी केली असून विक्रेत्याने पंधरा दिवसांची मुदत मागितली आहे. काल दुपारी बाबा ती पावती घेऊन टेबलाशी बसले होते. हात थरथरत होता म्हणून डाव्या हाताने उजवे मनगट धरले होते, आणि लेखापरीक्षणात करत तशी प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने खूण करत होते. सातव्या ओळीशी थांबून त्यांनी मला हाक मारली आणि विचारले, "यात लेआउटचा नकाशा क्रमांक कुठे आहे?"